मानेवरची रेघ

व्हर्ना स्कोगेननं लोवेल ब्रेकीवर डूख धरला तेव्हा तिची साठी उलटून गेली होती. या वयात माणसं जुनी भांडणं मिटवायच्या मागे लागतात. बाईनं नवं कोरं काढलं, आणि बरणीत लोणचं मुरवावं तसं मुरत ठेवलं.

नॉर्डाल गावात कुणाचं टक्कल कुठून सुरू झालं, कुणाच्या सुनेनं केस रंगवून सासूला कळू दिलं नाही, हे सगळं व्हर्नाला ठाऊक. मिल स्ट्रीटवरच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं केस कापायचं दुकान होतं. एक खुर्ची, एक आरसा, एक बेसिन, आणि बायकांच्या डोक्यावर बसवायचा घुमटासारखा ड्रायर. तीस वर्षं तिनं गावाच्या माना वाकवल्या होत्या. तोंडावरून माणूस ओळखायला ती कधीकधी चुकायची. मानेवरून कधीच नाही.

नवरा ऑर्लिन दुधाचा टँकर चालवायचा. गोठ्या-गोठ्यावर थांबत दूध भरायचं आणि चीजच्या कारखान्यात रिकामं करायचं, यात त्याचा जन्म गेला. बोलायला कंजूष, पण हसायला उधळ्या. टँकर चालवता चालवता विजेच्या खांबांवर बसलेले शिकारी पक्षी बघायची त्याला सवय लागली, आणि त्या सवयीनं पुढं त्याला पुरतं गिळलं. सुट्टीच्या दिवशी लोक फुटबॉल बघत बसायचे, हा कुंपणाशी उभा राहून आभाळ बघायचा.

मग त्याच्या पोटात गाठ निघाली. हिवाळा लागला तसे त्याचे पाय चालेनात. व्हर्नानं त्याचा पलंग स्वयंपाकघरात आणून खिडकीशी लावला. खिडकीबाहेर कपड्याच्या दोरीचा खांब होता, आणि खांबाला ऑर्लिननंच दुधाच्या जुन्या गाळणीचा केलेला लहानसा फीडर टांगलेला होता. सूर्यफुलाचे दाणे खायला चिमण्या यायच्या, चिमणीएवढेच करडे जंको यायचे. तेवढंच त्याचं जग उरलं.

नाताळच्या आसपास नॉर्डालचं पक्षीमंडळ पक्ष्यांची मोजणी करतं. ज्यांच्या पायांत ताकद आहे ते शेतांमधून, नदीकाठानं हिंडतात. ज्यांच्या नाही ते आपापल्या खिडकीशी बसून फीडरवरचे पक्षी मोजतात. त्यांना ‘खिडकीवाले’ म्हणतात. त्या वर्षी ऑर्लिन पहिल्यांदा खिडकीवाला झाला.

सकाळची वेळ. व्हर्ना कॉफी गाळत होती.

“व्हर्ना, कॅमेरा.”

“काय आहे?”

“आधी कॅमेरा, मग काय ते.”

खांबावर शिकरा बसला होता. पायाखाली जंको. थंडीनं पिसं फुगवून गोळा झालेला, पाठ इकडं, मान वळवून मागं बघणारा. व्हर्नानं काचेतूनच फोटो काढला. शिकऱ्यानं तिच्याकडं भाडं थकलेल्या भाडेकरूकडं बघावं तसं पाहिलं आणि जंको घेऊन कुंपणापलीकडं उडाला.

“शार्पी,” ऑर्लिन म्हणाला. त्याचे डोळे त्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा चमकले. “शार्पी आहे गं. एवढ्या थंडीत राहिलाय बघ, पठ्ठ्या!”

तिकडं शिकऱ्याची दोन भावंडं आहेत. थोरला कूपर, धाकटा शार्पी. रंग तोच, छातीवरचे तांबडे पट्टे तेच, शेपटीचे पट्टे तेच. दोघंही अंगणात घुसून फीडरवरची चिमणी उचलतात. धाकटा असतो साधारण कबुतराहून बारका, थोरला त्याहून मोठा. पण यांच्यात मादी नराहून मोठी, त्यामुळं थोरल्यातला नर आणि धाकट्यातली मादी एका मापात येतात आणि तिथंच सगळ्यांची गंमत होते. कूपर बारा महिने गावात दिसतो, त्याचं कुणाला काही नाही. शार्पी थंडी पडली की दक्षिणेला पळतो. हिवाळ्याच्या मोजणीत शार्पी सापडला तर माणूस वर्षभर त्याच्यावर कॉफी पितो.

संध्याकाळी चर्चच्या तळघरात मंडळाचं जेवण होतं. दरवर्षी असतं. हरणाच्या मांसाचा रस्सा, बटाट्याच्या पातळ पोळ्या, लेफ्से म्हणतात त्यांना, आणि चीजचे ढीग. जेवता जेवता मंडळाचा मोजणीप्रमुख एकेक पक्ष्याचं नाव वाचतो आणि लोक आपापला आकडा सांगतात. कुणी शंकेचा पक्षी आणला तर फोटो भिंतीवर मोठा करून दाखवायचा. प्रमुखाला पटला तर तो म्हणतो, “बसला.” नाही पटला तर म्हणतो, “उडाला,” आणि सगळं तळघर वाडग्यांवर चमचे वाजवतं. गंमत म्हणून. ज्याचा पक्षी उडतो तोही हसतो.

मोजणीप्रमुख होता लोवेल ब्रेकी. गावातलं दाण्या-चाऱ्याचं दुकान त्याचं. गुरांचा चारा, कोंबड्यांचं खाद्य, पक्ष्यांचे दाणे, फीडर, सगळं त्याच्याकडून जायचं. ढेरी, ढेरीवरून खांद्यावर गेलेले पँटचे लाल पट्टे, आणि आवाज असा की गोठ्यात बोलला तर गायी दूध चोरतील. त्याचं घर व्हर्नाच्या घराच्या बरोबर मागं. दोघांच्या परसांच्या मध्ये फक्त एक गल्ली.

ऑर्लिनचा फोटो भिंतीवर आला. लोवेलनं मान तिरकी केली.

“फीडरशेजारी केवढा दिसतोय बघा. हा कूपर आहे, व्हर्ना. चांगला दणकट कूपर.”

“ऑर्लिन म्हणतो शार्पी.”

“ऑर्लिनला सध्या औषधं किती चालू आहेत?” लोवेल हसत म्हणाला. “नशीब समज, शार्पीवर भागलं. शहामृग नाही दिसला त्याला!” आणि मग आवाज चढवून, “उडाला!”

चमचे वाजले. सगळं तळघर खदखदलं. त्यात कुणाच्या मनात विष नव्हतं, हे व्हर्नालाही ठाऊक होतं. म्हणूनच ते जास्त झोंबलं. विष असतं तर थुंकता आलं असतं.

ती उठली. आणलेली लेफ्सेची परात, अर्धी भरलेली, तशीच उचलली आणि कोट चढवून निघाली. नंतर कळलं की तिच्यामागं लोवेलनं स्वतःच्या अंगणातला एक शार्पी दाखवला आणि बसवला. त्या वर्षी मोजणीत शार्पी एकच. नाव लोवेलचं.

घरी ऑर्लिन जागा होता. दार वाजताच त्यानं विचारलं, “बसला का?”

व्हर्नानं परात ओट्यावर ठेवली. कोटाची बटणं काढायला तिनं जरा जास्तच वेळ घेतला.

“बसला,” ती म्हणाली.

“लोवेल काय म्हणाला?”

“म्हणाला, ऑर्लिनची नजर आहे.”

ऑर्लिन हसला. पुढचे कितीतरी दिवस जो भेटायला येईल त्याला तो शार्पीची गोष्ट सांगायचा, आणि व्हर्ना त्या माणसाकडं अशा डोळ्यांनी बघायची की तो मुकाट्यानं मान हलवायचा. बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल झाला तेव्हा ऑर्लिन गेला. अंत्यविधीला लोवेल हॅमच्या सँडविचचं मोठं ताट घेऊन आला, व्हर्नाचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, “चांगला माणूस होता.”

व्हर्नानं हात काढून घेतला. आणि त्या घटकेला ठरवलं की या माणसाच्या तोंडातून, याच तळघरात, सगळ्यांसमोर ‘उडाला’ हा शब्द त्याच्या स्वतःच्याच पक्ष्यासाठी काढायचा. आणि ऑर्लिनचा पक्षी बसवायचा. जे ती नवऱ्याला सांगून बसली होती ते खरं करायचं.

सूड घ्यायचा तर हत्यार पाहिजे. व्हर्नानं शिकरे शिकायला घेतले. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा ती खुर्चीत बसून फोटो बघायची. पाय बघायची. शार्पीच्या नळ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या, कूपरच्या पेन्सिलीएवढ्या. शेपटी बघायची. धाकट्याची टोकाला सरळ कापल्यासारखी, थोरल्याची गोल कातरलेली, टोकाला पांढरी कड रुंद. डोळा बघायची. शार्पीचा डोळा डोक्याच्या मधोमध, सतत दचकल्यासारखा; कूपरचा पुढं, चोचीकडं सरकलेला, म्हणून तो रागीट दिसतो. पण फोटोत पाय पिसांत लपतात, शेपटी मिटलेली असते, डोळ्यात उजेड पडतो. हे सगळं खोटं बोलू शकतं. मान मात्र खोटं बोलत नाही, हे तिला गावातल्या एवढ्या माना धुतल्यावर कुणी शिकवायला नको होतं. कूपरच्या डोक्यावर काळी टोपी असते. टोपी संपते तिथं मानेवर फिकट रेघ, जशी नुकत्याच केस कापलेल्या माणसाच्या मानेवर दिसते. शार्पीला रेघच नाही. काळं डोक्यावरून थेट पाठीवर उतरतं. टोपी नव्हे, तान्ह्या पोराचं टोपडंच.

ऑर्लिनचा फोटो मात्र ती कधी बघायची नाही. कपाटात उशीच्या अभ्र्यांखाली तो पडून होता. त्यातलं बघायचं काय? तो शार्पी होता. ऑर्लिन म्हणाला होता.

सूड मुरत होता, पण बरणीतून अधूनमधून थोडा चाटूनही घ्यावा लागतो. व्हर्नानं लोवेलच्या दुकानातून दाणे घेणं बंद केलं; शेजारच्या गावातून महाग दाणे आणायची. लोवेलचे केस कापणंही बंद केलं. बिचारा दूरच्या न्हाव्याकडं जायचा आणि कातरलेल्या मेंढीसारखा परत यायचा. त्याची बायको लव्होन मात्र दर गुरुवारी व्हर्नाकडंच यायची. लव्होनच्या केसांवर सूड काढणं व्हर्नाला जमण्यासारखं नव्हतं. धंद्याशी बेइमानी कशी करणार? शिवाय लव्होन बोलकी होती. ड्रायरखाली बसली की घरातलं सगळं ओरडून सांगायची.

तिसऱ्या हिवाळ्यात लव्होन एक कॅलेंडर घेऊन आली. मंडळाचं होतं, लोवेलनं दुकानातर्फे छापलेलं.

“बाई, तुझ्या आरशाशेजारी लाव की. रिकामी भिंत बरी नाही दिसत.”

“लावते,” व्हर्ना म्हणाली. शत्रू डोळ्यांसमोर असलेला बरा.

फेब्रुवारी उलटला तेव्हा पानावर शिकरा आला. खाली ठळक अक्षरांत: ‘शार्पी. माझ्या परसातला. लोवेल ब्रेकी.’ फीडरच्या दांडीवर बसलेला, पिसं फुगवलेली, बाजूनं काढलेला.

व्हर्ना कुणाच्या तरी डोक्याला रंग लावत होती. आरशात तिची नजर त्या पानावर पडली आणि ब्रश थांबला. मानेवर रेघ होती. स्वच्छ, फिकट.

“टोपी,” ती पुटपुटली.

“काय?” खुर्चीतली बाई दचकली.

“काही नाही. तुझं नाही.”

गिऱ्हाईक गेल्यावर तिनं दाराला कडी घातली आणि पानाला नाक लावलं. कूपर. शंकाच नाही. गावभर फिरलेल्या कॅलेंडरवर मोजणीप्रमुखानं स्वतःच्या नावानं कूपरला शार्पी करून छापलं होतं. व्हर्नाला खोलीत एकटीलाच हसू फुटलं. मग तिनं शेपटी पाहिली. डाव्या बाजूचं एक पीस अर्ध्यावर मोडलेलं. कंगव्याचा दात मोडावा तसं.

मोडलेला दात तिनं कुठंतरी पाहिला होता.

तिनं कपाट उघडलं, अभ्रे उपसले, ऑर्लिनचा फोटो काढला. डावीकडंच. तेच पीस, तिथंच मोडलेलं. पट्टे मोजून बघावेत एवढं सारखं. गुरुवारी तिनं लव्होनला सहज विचारलं, तो फोटो कधीचा.

“अगं, ज्या दिवशी तू परात घेऊन निघून गेलीस ना, त्याच सकाळचा. जंको खात बसला होता मेला आमच्या फीडरवर.”

तोच शिकरा. व्हर्नाच्या खांबावर बसला, जंको घेऊन गल्ली ओलांडली, आणि लोवेलच्या फीडरवर जाऊन बसला. एकच पक्षी. म्हणजे एक तर दोन्ही शार्पी, नाही तर दोन्ही कूपर.

व्हर्नानं ऑर्लिनचा फोटो उजेडात धरला. त्यानं मान वळवली होती. रेघ होती. इतकी स्पष्ट की आंधळ्यानं चाचपली असती.

म्हणजे लोवेल बरोबर होता.

हे तिला पचेना. दिवसभर तिनं कुणाशी धड बोलणं केलं नाही. एका शेतकऱ्याचे कल्ले चुकून वरखाली झाले. ऑर्लिनची चूक, हे तिनं कसंबसं गिळलं; आजारी माणूस, काचेमागून बघत होता. पण लोवेल बरोबर होता आणि तरीही लोवेल खोटा होता, हे काही केल्या बसेना. तोच पक्षी, तीच सकाळ. तिच्या दारात कूपर, त्याच्या दारात शार्पी! हिच्यासाठी चमचे, त्याच्यासाठी कॅलेंडर! रात्रीपर्यंत तिचा राग निवायच्या ऐवजी उकळून वर आला होता.

पण असं झालं कसं? हे कळल्याशिवाय तळघरात उभं राहण्यात अर्थ नव्हता. उत्तर शोधायला ती कधी नव्हे ती लोवेलच्या दुकानात शिरली.

“अरे वा!” लोवेल गल्ल्यामागून उठलाच. “आज सूर्य कुठून उगवला? व्हर्ना, दाणे पाहिजेत?”

“फीडर बघायचाय. तुझ्याकडं आहे तसला.”

“तो मोठा? कंपनीचा सगळ्यात मोठा माल आहे. दहा दिवस भरायला नको.” त्यानं टांगलेला फीडर दाखवला. नळकांडं कसलं, पाणी तापवायचा बंबच!

व्हर्नानं एप्रनच्या खिशातून कंगवा काढला आणि फीडरला लावून मोजू लागली.

“काय गं, फीडरचे केस कापणार की काय?”

“बघते, वाढलेत का ते.”

“माझेही कापत जा की. तो पलीकडचा न्हावी मला सोलतो गं, बघ ना.”

“शोभतं तुला,” व्हर्ना म्हणाली आणि कंगवा खिशात घालून चालू लागली. लोवेल मागं हसत राहिला. त्याला वाटलं, दिलजमाई झाली.

घरी येऊन तिनं गाळणीचा फीडर मोजला. लोवेलचा दुपटीहून मोठा. झालं, गाठ सुटली. या लोकांना फीडर रोजचा, म्हणून पक्षी फीडरशेजारी धरून मोजायचा ही सवय. ऑर्लिनच्या लहानशा गाळणीशेजारी शिकरा मोठा दिसला, लोवेलच्या बंबाशेजारी तोच बारका. कुणी मानेकडं बघितलंच नाही.

मग ती वाट बघत बसली. उन्हाळा गेला, मक्याची कापणी झाली, हरणांच्या शिकारीचा मोसम संपला. लव्होन दर गुरुवारी आली. व्हर्नानं तिचे केस निगुतीनं कुरळे केले आणि चकार शब्द काढला नाही.

मोजणीच्या संध्याकाळी ती परात घेऊन चर्चच्या तळघरात आली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्या एनॉक लीननं, त्याची नदीकाठावर गुरं होती, तिच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली. “ये, ये. तुझ्या परातीवाचून आम्ही दोन-तीन वर्षं उपाशी मेलो.”

“दिसतोयस की उपाशी,” त्याच्या पोटाकडं बघत व्हर्ना म्हणाली.

लोवेल नावं वाचू लागला. एकेक नाव, आकडे, आणि प्रत्येक नावानंतर त्याचं ठरलेलं वाक्य: “कुणाचं काही?” या प्रश्नाला सहसा कुणी उत्तर देत नाही. कुणाचं काही असलं तरी रस्सा गार होतो म्हणून सोडून देतात.

“कूपर,” लोवेल म्हणाला. आकडे आले. “शार्पी. या वर्षी नाही. कुणाचं काही?”

“माझं आहे,” व्हर्ना म्हणाली.

“अगं, लेफ्से गार होतील,” एनॉक पुटपुटला.

“मग खा ना तू. तुला कुणी धरलंय?”

तिनं पिशवीतून दोन फोटो काढले. सारख्या आकाराचे करून आणले होते. एक कॅलेंडरचं पान, एक ऑर्लिनचा. दोन्ही लोवेलसमोर टेबलावर ठेवले.

“हा तुझा, हा ऑर्लिनचा. दोन्ही एकाच सकाळचे, तुझ्या बायकोनंच सांगितलं. शेपटीचं मोडकं पीस बघ.”

लोवेलनं चष्मा नाकावर ओढला. लोक खुर्च्या सरकवून गोळा झाले. फोटो हातोहात फिरले.

“तोच आहे,” कुणीतरी म्हणालं.

“तोच की!”

“मग मला एवढंच सांग,” व्हर्ना म्हणाली, “माझ्या खांबावर हा कूपर होता. गल्ली ओलांडून तुझ्याकडं गेला तर शार्पी झाला. गल्लीत थंडीनं आटला का रे हा?”

तळघर फुटलं. एनॉकला ठसका लागला. लोवेलचा चेहरा त्याच्या पट्ट्यांच्या रंगावर गेला.

“फीडरवरून... मी फीडरवरून अंदाज घेतला. आपण सगळेच घेतो.”

“तुझा फीडर आमच्याहून दुप्पट. कंगव्यानं मोजलाय, तुझ्या दुकानात, तुझ्यासमोर.”

कुणी हसलं नाही. लोवेलनं दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरून पाहिले. मग त्यानं चष्मा काढला. बोलला तेव्हा आवाज गोठ्यातला नव्हता.

“बरोबर आहे. एकच पक्षी आहे. म्हणजे तेव्हा मी तुझ्या बाबतीत चुकलो, व्हर्ना. शार्पी तर शार्पी. दोन्ही शार्पी. ऑर्लिनचं नाव आजच घालतो, माझ्या नावाच्या वर घालतो. आणि औषधांवरून मी जे बोललो ना, ते बोलायला नको होतं. लाज वाटते मला त्याची. मंडळासमोर सांगतो.”

तळघर एकदम मऊ झालं. बायकांनी नाकाला रुमाल लावले. लव्होन पुढं आली आणि तिनं व्हर्नाचा दंड धरला.

“घे गं. ऑर्लिनसाठी घे.”

हेच तर व्हर्नाला हवं होतं. एवढी वर्षं जे खोटं ती काळजाशी बाळगून होती, ते आत्ता, या घटकेला खरं होत होतं. तिनं नुसतं खाली बसायचं होतं. कुणी मान बघणार नव्हतं. मंडळाच्या नोंदीत ऑर्लिन स्कोगेन, शार्पी, कायमचा. माफीही मिळाली होती, सगळ्यांसमोर. आणखी काय पाहिजे?

तिनं लोवेलकडं पाहिलं. त्याला खरंच लाज वाटत होती, यात शंका नाही. पण त्या लाजेखाली, तोंडाच्या कडेला, दुसरंही काहीतरी होतं. गिऱ्हाईक घासाघीस न करता उठलं की दुकानदाराच्या तोंडावर येतं ते. स्वस्तात सुटल्याचं. माफीच्या पदरात त्याचा शार्पी, त्याचं कॅलेंडर, त्याची खुर्ची, सगळं सुखरूप राहणार होतं. आणि ते राखायला त्यानं पुढं केलं होतं ऑर्लिनचं नाव.

“मान बघ, लोवेल,” व्हर्ना म्हणाली.

“अं?”

“दोन्हींची मान बघ. टोपी आहे का टोपडं?”

लोवेल फोटोंवर वाकून काहीतरी पुटपुटला.

“मोठ्यानं सांग. मागं एनॉकला ऐकू येत नाही.”

“येतंय मला,” एनॉक म्हणाला. पण लगेच, “सांग बाबा, मोठ्यानं सांग.”

“टोपी,” लोवेल म्हणाला.

“म्हणजे?”

“म्हणजे... कूपर.”

“ऑर्लिनचा?”

“तोही कूपर. व्हर्ना, अगं, कशाला? राहू दे ना. मी घालतोय ना त्याचं नाव!”

“ऑर्लिनचा कूपर तू उडवलास. बरोबर उडवलास. त्याबद्दल माझं काही नाही.” तिचा आवाज कुठंही हलला नाही. “ऑर्लिनचा पक्षी त्याच रात्री बसला, माझ्या स्वयंपाकघरात. मी बसवला. तो त्याला पुरला. तुझ्याकडून त्याला काही नको. आता तुझा काय तो बोल.”

लव्होननं तिचा दंड सोडला. लोवेल भोवती बघत होता. कुणीतरी हसून विषय मोडेल, म्हणेल चला, जेवा आता. कुणी बोललं नाही. पक्ष्यांची माणसं ती. एकदा रेघ दिसल्यावर ती न दिसल्यासारखं करणं त्यांनाही जमत नव्हतं.

“उडाला,” लोवेल म्हणाला.

“काय?”

“उडाला! माझा शार्पी उडाला!”

एनॉकनं चमचा उचलला, घटकाभर विचार केला, आणि वाडग्यावर मारला. मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. व्हर्नानं वाजवला नाही. ती आवाज संपेपर्यंत उभी राहिली. मग खाली बसून तिनं लोणी-साखर लावून लेफ्से खाल्ला, आणि आणखी एक मागून घेतला.

पुढच्या गुरुवारी लव्होन येणार नाही, हे व्हर्ना धरूनच चालली होती. गावातले दोघं-तिघं तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलू लागले होते. कुणी म्हणालं, माफी मागितल्यावर बाईनं सोडायला हवं होतं. व्हर्नानं ऐकलं आणि कात्रीला धार लावली. पण ठरल्या वेळी दार वाजलं. लव्होन आली, बेसिनशी बसली आणि मान मागं टाकली.

“तुझ्याशी बोलायचं नाही असं ठरवून आलेय,” डोळे मिटून ती म्हणाली.

“नको बोलूस.”

व्हर्नानं कोमट पाणी सोडलं. केस भिजवले, साबण लावला.

“नीट जेवत नाही गं तो,” शेवटी लव्होनच्यानं राहवलं नाही. “दुकानात जो येतो तो विचारतो, ‘लोवेल, शार्पी शिल्लक आहे का?’ परवा तर एनॉक म्हणाला, मला अर्धा किलो कूपर दे, पण शार्पीच्या भावानं. मोजणीप्रमुखाचं पद सोडतो म्हणतोय. आणि उरलेली सगळी कॅलेंडरं...”

व्हर्नाचे हात थांबले.

“काय झालं कॅलेंडरांचं?”

“काल मागच्या अंगणात नेऊन जाळली. गठ्ठा पेटेना म्हणून एकेक पान फाडून.”

“स्वतःच्या हातानं?”

“स्वतःच्या हातानं.”

“थांब, थांब,” व्हर्ना म्हणाली. तिनं नळ बंद केला, हात एप्रनला पुसले आणि स्टूल ओढून लव्होनच्या कानाशी बसली. “पाण्यात नीट ऐकू आलं नाही. पहिल्यापासून सांग.”